कोळी खुशाल बदला, पण...

महोदय,

जुन्या सुपरहिरोंच्या जन्मकथा नव्या वाचकांसाठी पुन्हा लिहायला माझी हरकत नाही. १९६२ मध्ये स्पायडरमॅनला किरणोत्सर्गी कोळी चावला, तेव्हा अणूचा धाक होता. २००० च्या 'अल्टिमेट' कॉमिक्स मालिकेत कोळी जनुकबदल केलेला झाला. ठीकच. पण २००४ मध्ये तो आपल्या मुंबईत पवित्र प्रभाकर म्हणून अवतरला, तेव्हा त्याला शक्ती दिली योगीबाबांनी, आणि वर नेसवले धोतर! माझा नातू अंक चाळताना म्हणाला, "आजोबा, हा लोकलमध्ये चढणार कसा? काष्टा दारात अडकेल ना." त्या वेशामागे खरी गोष्ट झाकली गेली. स्कॉलरशिपवर गावाहून शिकायला आलेला पोरगा. एका बाईला गुंडांनी घेरलेले पाहूनही तो पुढे निघून जातो आणि तिच्या मदतीला धावलेला भीमकाका जिवाला मुकतो. रोज गर्दीत मान फिरवून पुढे सरकणाऱ्या आम्हा मुंबईकरांना हे झोंबते. बाबांची गरजच काय होती? नव्याने लिहिणाऱ्यांनी कोळी खुशाल बदलावा, काकाला मात्र हात लावू नये. आणि धोतराचे तेवढे बघा!

— एक आजोबा, परळ, मुंबई