मॅडम, घड्याळाकडे बघायला लावल्याबद्दल

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

निवृत्तीनंतरही ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून आपण नवी मुंबईतल्या आमच्या फार्मसी कॉलेजच्या ॲनिमल हाऊसला जे दिलंत, त्याचे जाहीर आभार मानायचे म्हणून हे पत्र. मेंदूवर चालणारी औषधं आणि प्रजनन, या दोन विषयांच्या सांध्यावर आपलं सगळं संशोधन झालं. एरवी फार्माकॉलॉजीवाल्यांना मादीचं चक्र म्हणजे कटकट वाटते. नर रॅट घेतले की काम सोपं! आपण ती पळवाट कुणालाच ठेवली नाहीत.

स्मिअर घेणं, म्हणजे मादी रॅटच्या योनीतल्या पेशी काचपट्टीवर घेऊन चक्राची अवस्था ओळखणं, हे हलकं काम समजून कुणाच्याही गळ्यात मारलं जातं. आपण मात्र ते स्वतः करून दाखवलंत. रोज सकाळी एकाच वेळी, कोमट सलाईन, 100 मायक्रोलीटरपेक्षा कमी, ड्रॉपरचं टोक गुळगुळीत आणि जेमतेम आत. टोक खोल गेलं की गर्भाशयमुखाला धक्का बसतो, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) वाढतं आणि मादी खोट्या गरोदरपणात जाते. मग 12-14 दिवस काचपट्टीवर नुसत्या पांढऱ्या पेशी, आणि अहवालात ‘औषधाने चक्र थांबले’ असा निष्कर्ष! औषध बिचारं निर्दोष असतं.

चक्राच्या चार अवस्था; काचपट्टीचं वाचन सोपं आहे. केंद्रक असलेल्या गोल पेशींचे पुंजके म्हणजे प्रोइस्ट्रस, केंद्रक नसलेले कडक, कोनाकोनाचे पापुद्रे म्हणजे इस्ट्रस, सगळ्यांची मिसळ म्हणजे मेटइस्ट्रस, पांढऱ्या पेशींचं राज्य म्हणजे डायइस्ट्रस. 4-5 दिवसांची सलग दोन चक्रं नीट दिसल्याशिवाय मादी प्रयोगात घ्यायची नाही, हा आपला दंडक आजही मोडत नाही.

खरी शिस्त मात्र उजेडाची. एव्हरेट आणि सॉयर या संशोधकांनी 1950 साली रॅटमध्ये दाखवलं की पहाटे 5 ते संध्याकाळी 7 दिवे असतील, तर प्रोइस्ट्रसच्या दुपारी 2 ते 4 या वेळेत अंडी सोडण्याचा मेंदूचा संदेश पिट्युटरी ग्रंथीकडे जातो. 2च्या आधी बार्बिट्युरेट (गुंगीचं औषध) दिलं तर अंडमोचन, म्हणजे अंडी सुटणं, चोवीस तास पुढे ढकललं जातं; 4नंतर दिलं तर काही फरक पडत नाही. म्हणजे जेवणाची सुट्टी लांबली म्हणून निम्म्या पिंजऱ्यांना दीडला आणि निम्म्यांना साडेचारला डोस दिला, तर एकाच औषधाचे दोन निकाल येणारच. पावसाळ्यात वीज गेली की साधा टायमर मागे पडतो, आणि रात्री कुणी ‘एकच मिनिट’ म्हणत ट्यूबलाइट लावतं. बॅटरी बॅकअपचा टायमर आणि आत फक्त मंद लाल दिवा, या आपल्या दोन आग्रहांवर ऑफिसने खळखळ करत का होईना, पैसे खर्च केले!

अंडमोचन अडलं तर कुठे अडलं, हे शोधायची आपली पद्धत तर प्रत्येक एम.फार्म.च्या वहीत हवी. इस्ट्रसच्या सकाळी अंडवाहिनीचा फुगीर भाग स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली उघडून अंडी मोजायची. बहुधा दहा-बारा, नाहीतर शून्य. शून्य आलं तर पुढच्या गटाला तेच औषध देऊन वर एचसीजी, म्हणजे थेट अंडाशयावर काम करणारं हार्मोन, द्यायचं. अंडी सुटली म्हणजे अंडाशय ठणठणीत. आणखी एका गटाला एचसीजीऐवजी जीएनआरएच, म्हणजे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचं पिट्युटरीला चालना देणारं हार्मोन, द्यायचं. त्यानेही सुटली, तर पिट्युटरीही शाबूत. औषधाने हात मारला तो त्याच्या वर, मेंदूत. शॅली आणि गिलेमिन यांना 1977चं नोबेल ज्यांच्यामुळे मिळालं, त्या हायपोथॅलॅमसच्या हार्मोन्सपैकी एक असं रोजच्या कामाला जुंपलेलं आपल्याकडेच पाहिलं.

शेवटचं, केमिस्टच्या काउंटरवर बसणाऱ्या आमच्या मुलांसाठी. मेंदूतलं डोपामिन हे रसायन प्रोलॅक्टिनला दाबून ठेवतं. डोपामिनला अडवणारं, उलटीवरचं डॉम्पेरिडोन रक्त आणि मेंदू यांच्यातली भिंत ओलांडून मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून ते निरुपद्रवी मानलं जातं. पण पिट्युटरी त्या भिंतीच्या बाहेर आहे. पित्ताच्या गोळीतून ते महिनोन्‌महिने जात राहिलं तर पाळी लांबू शकते, स्तनांतून दूध येऊ शकतं. तेव्हा पाळीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला आधी गोळ्यांची पाकिटं दाखवायला सांगा आणि डॉक्टरांना कळवा, हे आपलं वाक्य मुलांनी काउंटरच्या काचेखाली लावलं आहे.

आपण हाताने काढलेला स्मिअरचा तक्ता लॅमिनेट करून घेतला आहे. शेजारच्या दोन कॉलेजांनी प्रत मागितली आहे. आपली हरकत नसेल तर देतो.

आपले नम्र,
फार्माकॉलॉजी विभागातील सर्वजण