ओंकारचा निकाल लागला

लेस्टर

ती. दादा आणि सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

आईला वाचून दाखवताना आधी हे सांगा की आम्ही तिघंही खुशाल आहोत. थंडी आहे, पण घरात हीटर आहे. माझ्या गुडघ्याचं तिनं मनाला लावून घेऊ नये.

ओंकारच्या अपंगत्वाच्या भत्त्याचा निकाल आपल्या बाजूनं लागला. फोनवर तू म्हणालास, "सरकारपुढं हात कशाला पसरायचा, आम्ही काय मेलो होतो का?" ते मायेपोटी होतं हे कळतं, पण मला रात्रभर लागून राहिलं. इथं त्याला पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट म्हणतात, बोलताना नुसतं पिप. आईबापाची मिळकत त्यात कुणी विचारत नाही. अपंगत्वामुळं माणसाचं रोजचं काय अडतं तेवढंच बघतात. आपले बाबा खेड्यातून आले आणि शाहू महाराजांच्या बोर्डिंगात राहून शिकले. त्याला आपल्या घरात कधी कुणी भीक म्हटलं नाही, दादा.

आता इथली पद्धत सांगते, कारण वहिनींनी दोनदा विचारलं आणि मला फोनवर धड सांगता आलं नाही. इथं जे जमत नाही त्याचे मार्क मिळतात. रोजच्या जगण्याची 10 कामं धरलेली आहेत: स्वयंपाक, जेवण, औषधपाणी, अंघोळ, कपडे, बोलणं, वाचणं, माणसांत मिसळणं, पैशांचा व्यवहार असं सगळं. फिरण्याची आणखी 2. एका गटात 8 मार्क झाले तर साधा दर, 12 झाले तर वरचा. स्वयंपाक म्हणजे पुरणपोळी नव्हे, एका माणसापुरता ताज्या जिनसांचा एक साधा पदार्थ. पण तो "येतो" म्हणून भागत नाही. इजा न होता करता येतो का, धड होतो का, लागेल तितक्या वेळा होतो का, वाजवी वेळात होतो का, हे चारही जमलं तरच जमलं म्हणायचं.

वहिनी, ओंकार कुकर लावतो. तांदूळ धुतो, पाणी बोटाच्या पेरानं मोजतो, सगळं तुम्ही शिकवलंत तसंच. मग शिट्ट्या मोजतो. तीन झाल्या की "तीन", पाच झाल्या की "पाच", नऊ झाल्या की "नऊ". हात काही गॅसच्या बटणाकडं जात नाही. कुणीतरी "बंद कर" म्हणावं लागतं, रोज.

तपासणीच्या फोनवर त्याला विचारलं, जेवण बनवतोस का? तो म्हणाला, हो. एकटा बसनं जातोस का? हो. परक्या माणसाला तो कशालाच नाही म्हणत नाही. पहिला निकाल विरुद्ध गेला. महिन्याच्या आत फेरविचार मागितला, तोही गेला. मग ट्रिब्युनल. तिथं न्यायाधीश, एक डॉक्टर आणि अपंगत्वातलं जाणणारी एक व्यक्ती असे तिघं बसतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कुकरचंच पुन्हा पुन्हा विचारलं.

त्यासाठी मी डायरी ठेवली होती. त्याला काय काय येत नाही, हे रोज लिहायचं. चोवीस वर्षं ज्याला बुटाच्या नाडीसाठीसुद्धा शाबास म्हटलं, त्याच्याबद्दल असं लिहायचं! मराठीतच लिहायची मी, कारण इंग्रजी त्याला वाचता येतं. इंग्रजीत उतरवायचं काम तो झोपल्यावर.

सुमनमावशीच्या नातीला 18 पूर्ण झाली ना? यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, असलं तरी तेवढ्यावर थांबू नका म्हणावं. सज्ञान झाल्यावर आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडं पालकत्वासाठी अर्ज करता येतो. मावशीला जमणार नाही, तू बरोबर जा.

आता पैशाचं. मागची थकबाकी एकदम मिळाली, पण मी त्याची अपॉइंटी आहे, म्हणजे त्याच्या वतीनं पैसे घेणारी. ते त्याच्यासाठीच खर्चायचे, त्यातला पौंडही इकडंतिकडं करायचा नाही. म्हणून प्राजूच्या लग्नाचे माझ्या पगारातून पाठवतेय. कामाचे तास कमी केल्यामुळं ठरल्यापेक्षा कमी आहेत. उरलेले गणपतीपर्यंत नक्की. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं तुम्हीच दोघांनी निभावलंत, त्यातला माझा वाटा मी विसरलेले नाही.

"लग्न करून दे, मार्गी लागेल" असं पुन्हा ओंकारबद्दल कुणी म्हणालं तर तूच थांबव, दादा. कुणाच्या तरी लेकीला मी शिट्ट्या ऐकायला आणणार नाही.

लग्नाला आम्ही दोघं येतो, ह्यांना रजा नाही. 13 आठवड्यांपर्यंत परदेशी गेलं तरी पिप बंद होत नाही, त्याची काळजी नको. हळदीला डॉल्बी असणारच. पोरांना अडवू नका, पण त्या रात्री आमची सोय माडीवरच्या मागच्या खोलीत करा. ब्लाउजचं माप बदललंय, वहिनी, आल्यावरच शिवायला टाकू.

आईला आणि अंबाबाईला माझा नमस्कार.

तुमची,
मंगल