आजोबांच्या खुर्चीला मशीन लावू नकोस

पुणे,
रविवार, संध्याकाळ

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि तसाच लिहायला बसलो. आजोबांची आरामखुर्ची मशीनने घासून घेणार म्हणतोस. आठ दिवस थांब रे. सुताराला काहीही सबब सांग. दोन महिने मी एका कपाटामागे लागलोय, त्यात जे हाताला कळलं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

श्रावणात एका बुधवारी जुन्या बाजारात गेलो होतो. लोखंडी भंगाराच्या ढिगामागे दुभत्याचं कपाट उभं होतं. तुमच्या वाड्यात होतं ना, जाळीच्या दारांचं, पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेलं, अगदी तसंच. हे मात्र हिरव्या ऑइलपेंटने माखलेलं. एका बाजूने उचलून पाहिलं तर चांगलंच जड. फळीच्या खाली, जिथे रंग पोचला नव्हता, तिथे सागाच्या रेषा दिसल्या. १८०० रुपयांना घेतलं.

पहिल्याच संध्याकाळी चूक केली. गॅलरीत बसून कोरडाच पॉलिश पेपर मारला. हिरवी पूड सगळीकडे उडाली आणि मग आठवलं की जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. हा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. घरात रांगती नात आहे. तिला आत नेलं आणि रात्री अकरापर्यंत ओल्या फडक्याने गॅलरी पुसत होतो. जुना रंग कोरडा घासायचा नाही, हे त्या रात्री पक्कं झालं.

मग धुण्याचा सोडा आणला. खाण्याचा नव्हे, धुण्याचा. हातमोजे घालून अर्धा लिटर कढत पाण्यात अर्धी वाटी सोडा विरघळवला आणि मैदा कालवून दाट खळ केली, म्हणजे उभ्या फळीवरूनही ओघळत नाही. जाडसर थापली आणि वरून दुधाच्या पिशव्या कापून चिकटवल्या, कारण खळ वाळली की तिचं काम थांबतं. सकाळी लाकडी उलथन्याने हलकेच खरवडलं तर रंग भिजलेल्या कागदासारखा सुरकुतून वर आला. हिरव्याखाली निळा निघाला. त्याच्याखाली मधासारखा पिवळसर थर, थोडा चिकट. तो चपड्याचा, म्हणजे लाखेचा. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून करतात ते स्पिरिट पॉलिश कुणीतरी मन लावून केलं होतं त्या कपाटाला. मी ते तसंच हातात उलथनं धरून बघत राहिलो.

सोड्याने सागवान काळवंडतं, म्हणून चार वाट्या पाण्यात एक वाटी व्हिनेगर घालून पुसून घेतलं. बराच रंग परतला. पण कोपऱ्यात मी तारेची घासणी वापरली होती, तिचे बारीक तुकडे ओल्या लाकडात अडकले आणि दुसऱ्या दिवशी तिथे शाईसारखे काळे ठिपके उमटले. लोखंड आणि लाकडातला तुरट अंश एकत्र आले की असं होतं. लिंबू चोळलं, ठिपके फिके झाले, गेले मात्र नाहीत. तू तारेऐवजी नारळाची शेंडी घे.

आता तुझी खुर्ची. तिला कधी रंग लावलेला मला आठवत नाही, म्हणजे बहुधा चपड्याचंच पॉलिश असणार. तसं असेल तर सोडाही नको आणि खरवडणंही नको! पॉलिशवाले वापरतात ते स्पिरिट आण (आमच्या बोहरी आळीत मिळतं, तिकडे हार्डवेअरच्या दुकानात विचार). कापसाचा बोळा भिजवून मागच्या पायाच्या आतल्या बाजूला अर्धा मिनिट दाबून धर. बोळा तपकिरी झाला आणि बोट चिकटलं, तर चपडा. काहीच झालं नाही, तर दुसऱ्या जागी थिनरचा बोळा लावून बघ. त्याने मऊ पडलं, तर लॅकर, म्हणजे थिनरमध्ये विरघळणारं पॉलिश. खिडक्या उघड्या ठेव आणि देव्हाऱ्यातलं निरांजन शांत झाल्यावरच हे कर, स्पिरिट चटकन पेट घेतं.

चपडा जुना झाला, तडकला, तरी स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळतो. मऊ ब्रशने नुसतं स्पिरिट फिरवलं तरी भेगा मिटतात, मग वर पातळ पॉलिशचे एक-दोन हात पुरतात. फक्त हवा कोरडी हवी. दमट हवेत त्यावर पांढरट झाक येते, म्हणून दिवाळीनंतरच हात घाल.

आणि सुधीर, त्या खुर्चीच्या उजव्या हातावर खळगा पडलाय. आजोबा पेपर वाचताना तिथेच अंगठा फिरवत बसायचे, आपण दोघांनी पाहिलंय. मशीन तो पाच मिनिटांत सपाट करेल.

बोळ्याचा रंग काय निघतो ते कळव. सुताराला अजून आगाऊ पैसे दिले नसशील ना?

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल