‘पाणी कुठून येते?’ असे विचारणाऱ्या अण्णांना

आदरणीय अण्णा,
सादर नमस्कार.

तुम्हाला पत्र लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ. आपल्या दोन घरांत एका भिंतीचे अंतर होते तोवर पत्राची गरज पडली नाही, आणि पुढे शिक्षण, नोकरी, लग्न यांच्या धावपळीत मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले, तेव्हा सणासुदीला येऊन पाया पडण्यापलीकडे आपले बोलणे झाले नाही. जे सांगायचे आहे ते पाया पडताना सांगता येत नाही. शिवाय ते तुमच्या-माझ्यापुरतेच राहू नये, ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनीही ते ऐकावे, असे मला वाटते. म्हणून हे पत्र मी सर्वांसमोर उघडे ठेवत आहे. तुमची नात ते तुम्हाला वाचून दाखवील.

मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आपल्या चाळीत दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट चाले. आई ओसरीवर मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसे. दिवसाला हजार विड्या पुऱ्या करायच्या म्हणजे तिला मान वर करायलाही सवड नसे. वडिलांची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. जिन्याखालच्या तीन-चार फूट जागेत मी एकटी खेळत असे, आणि खेळायला जे होते ते या दोघांच्या कामातूनच उरलेले होते. मागावरच्या फुटलेल्या कांड्या, सूत संपलेले पुठ्ठ्याचे कोन, विडीसाठी तेंदूची पाने कापल्यावर उरणाऱ्या पट्ट्या. कोन म्हणजे घरे, कांड्या म्हणजे माणसे, पानांच्या पट्ट्या म्हणजे शेते. गावाचे नाव मी कांडीपूर ठेवले होते. घरातल्या कोणालाही ते माहीत नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते.

तुम्ही विचारलेत. तुमच्या खोलीत जाण्याची वाट जिन्याजवळून होती. एके दिवशी तुम्ही थांबलात, वाकून पाहिलेत आणि म्हणालात, “काय करलालीस गं?” मी गाव दाखवले. ‘छान आहे’ असे म्हणून मोठी माणसे पुढे निघून जातात, हे मला तोवर ठाऊक झाले होते. तुम्ही मात्र खाली उकिडवे बसलात, बराच वेळ गावाकडे पाहत राहिलात, आणि मग अगदी गंभीरपणे विचारलेत, “या गावाला पाणी कुठनं येतंय?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. चाळीत एकच नळ, पाणी येण्याचा ठरावीक दिवस, घागरींची रांग, पहाटे तीनला उठून आईने पकडलेला नंबर, हे सगळे मी रोज पाहत होते. तरी माझ्या गावात पाण्याचा पत्ताच नव्हता. त्या संध्याकाळी मी एका उंच कोनाची टाकी केली आणि तिच्यापासून दोऱ्याचे नळ घरोघरी नेले. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा आलात, दोऱ्यावरून बोट फिरवत शेवटच्या घरापर्यंत गेलात आणि विचारलेत, “इथवर पोचंस्तोवर काय उरतंय?” कांडीपूर पुढे चार वर्षे टिकले, ते अशाच प्रश्नांवर. तुम्ही त्या गावाला कधी खोटे म्हटले नाही, आणि त्याचे उगाच कौतुकही केले नाही. ते गाव आहे असे मानून तुम्ही त्याची चौकशी करत राहिलात. आभार मानायचे आहेत ते मुख्यतः याच गोष्टीचे.

दुसरी गोष्ट तुमच्या हस्तकलेची. चादरीचे डिझाईन तुम्ही आलेखाच्या कागदावर उतरवत होता, आणि ते पाहायला मला तुमच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसायची परवानगी होती. सोलापुरी चादरीला पुढे भौगोलिक मानांकन मिळाले, तिचे नाव देशभर झाले. पण ती चादर आधी त्या बारीक चौकोनांत कशी जन्माला येते, हे फार थोड्यांनी पाहिले असेल. मोराची मान तुम्ही काढत होता तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आजही जसाच्या तसा आहे. मान तर वळणदार, आणि कागदावर सगळे चौकोनच. तुम्ही लाल पेन्सिलीने एक घर भरत होता, मग वरच्या ओळीत एक घर सरकून दोन, मग एक, मग पुन्हा दोन, आणि तोंडाने ‘ओकटी, रेंडू, मूडू’ असे तेलुगूत मोजणे चालू. जवळून पाहिले तर नुसत्या पायऱ्या दिसत होत्या. तुम्ही कागद उचलून भिंतीला टेकवलात, मला दाराशी उभे केलेत, आणि तिथून मोराने मान वळवलेली दिसली.

मी विचारले होते की एखादे घर अर्धेच भरले तर वळण अधिक चांगले येणार नाही का. तुम्ही टेबलाखालून जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, जुन्या कार्डांची माळ काढून माझ्या हातात दिलीत. पुठ्ठ्याच्या प्रत्येक कार्डात छिद्रे होती. जिथे छिद्र असेल तिथे सुई आत जाते आणि ताण्याचा उभा दोरा उचलला जातो. जिथे छिद्र नसेल तिथे दोरा खालीच राहतो. एका कार्डाची एक ओळ, ती विणली की माळ पुढे सरकते. “अर्धं छिद्र नसतंय,” तुम्ही म्हणालात. “मनात काय बी येऊ दे, इथं आलं की ठरवायला लागतंय.” फ्रान्समधल्या लिओं शहरात जोसेफ मारी जकार्ड याने 1804 मध्ये हे यंत्र उभे केले, आणि त्याच्या कार्डांवरूनच चार्ल्स बॅबेजला आपल्या गणनयंत्राला सूचना देण्याची रीत सुचली, हे मी अभियांत्रिकीला गेल्यावर वाचले. वाचताना मला लिओं आठवण्याचे कारण नव्हते. तुमच्या टेबलाखालची ती धूळभरली माळच आठवली.

एक दुःखाचा प्रसंगही सांगते, कारण त्याचा शेवट तुम्ही बदललात. पाचवीत असताना गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर मी कांडीपूरचा नकाशा काढला होता. तो वर्गात सापडला आणि ती पाने मला सर्वांसमोर उभे राहून स्वतःच्या हाताने फाडावी लागली. घरी येऊन मी कांड्या आणि कोन पोत्यात भरले. दोन दिवस जिन्याखाली कोणी दिसले नाही म्हणून तुम्ही आईकडे चौकशी केलीत, आणि तिसऱ्या दिवशी आलेखाच्या कागदाची एक अख्खी सुरळी घेऊन दाराशी उभे राहिलात. समजूत घालण्याचा एक शब्दही तुम्ही बोलला नाहीत. “एका चौकोनाला किती पावलं धरायची ते आधी लिही,” एवढेच म्हणालात. प्रमाण धरून नकाशा काढायला मी त्या दिवशी शिकले, आणि गणिताचा जो विषय मला त्या वर्गात नकोसा झाला होता तो त्याच कागदावर माझा झाला.

लहानपणी कल्पनाशक्ती भरभरून असते आणि मोठेपणी ती आटून जाते, असे आपण सहज बोलून जातो. मला हे पटत नाही. लेव्ह व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने 1930 मध्येच याच्या उलट मांडणी करून ठेवली आहे. कल्पना नेहमी अनुभवातूनच आपले साहित्य उचलते, आणि मुलाचा अनुभव मोठ्या माणसापेक्षा थोडा असल्यामुळे त्याची कल्पनाही मोठ्या माणसाच्या कल्पनेहून श्रीमंत नसते, असे त्याचे म्हणणे. मुलाजवळ जास्त असतो तो आपल्या कल्पनेवरचा विश्वास. जिन्याखालचे माझे गाव हे त्याचेच उदाहरण आहे: नळाची रांग मी पाहिलेली होती, म्हणूनच तुमच्या एका प्रश्नाने त्या गावात टाकी उभी राहिली. जे मूल काही पाहत नाही, कोणाच्या हातातले काम जवळून न्याहाळत नाही, त्याला नुसते ‘कल्पना कर’ म्हणून काय मिळणार? तुम्ही मला कागद दिलात, कार्डे दिलीत, स्टूल दिलेत, आणि तुमचे काम चालू असताना ते पाहू दिलेत. आजच्या आईवडिलांना महागड्या खेळण्यांच्या दुकानात पाहते तेव्हा हे सगळे त्यांना सांगावेसे वाटते.

इंग्लंडमधल्या हॉवर्थ गावात 1826 मध्ये ब्राँटे घराण्यातल्या भावंडांना वडिलांनी बारा लाकडी शिपाई आणून दिले. त्या शिपायांभोवती मुलांनी राज्ये रचली, त्यांचे नकाशे काढले, हातात मावणारी चिमुकली मासिके लिहिली, आणि त्यातल्या तिन्ही बहिणी पुढे कादंबरीकार झाल्या. प्रत्येक खेळातून लेखक निघत नाही, हे उघड आहे. मला त्यात दिसते ते वेगळेच: खेळ वर्षानुवर्षे टिकला, आणि त्याला स्वतःचे नियम होते. कांडीपूरचाही एक नियम होता. टाकीपेक्षा उंचावर घर बांधायचे नाही. हा नियम मी घातला, पण तो घालायला लावलात तुम्ही.

आपल्या सोलापूरला तर हे समजावून सांगण्याची गरजच पडू नये. दर वर्षी संक्रांतीच्या आदल्या दिवसांत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात, शहराच्या चहूकडच्या 68 लिंगांना प्रदक्षिणा होते, आणि संमती कट्ट्यावर ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो. हजारो मोठी माणसे पांढरी बाराबंदी घालून त्या विवाहाला अक्षता टाकतात. नंदीध्वजात नवरानवरी पाहणारे आपले शहर आहे. तुमच्या खांद्यावर बसून मी पहिल्यांदा अक्षता टाकल्या तेव्हा तुमचे डोळे भरून आले होते, आणि जे डोळ्यांना दिसत नाही त्यावर मोठी माणसेही मनापासून जीव लावतात, हे मला त्या गर्दीत कळले. सिद्धरामेश्वरांनी या गावासाठी तळे खोदवले, हेही तुम्हीच घरी परत येताना सांगितले होते. देवाची गोष्टही तुम्ही पाण्यापाशीच आणून सोडलीत.

आता माझ्या कामाविषयी. जिल्ह्यातल्या खेड्यांसाठी नळपाणी योजनांचे आराखडे करणे, हा माझा व्यवसाय आहे, हे तुम्हाला माहीत आहे. 2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी घरातल्या नळाला मिळावे असे धरले आहे. संगणकावर गावाचे चित्र उमटते: विहीर, पंप, जलकुंभ, वाहिन्या, व्हॉल्व्ह, आणि प्रत्येक वळणावर पाण्याचा दाब दाखवणारा आकडा. टाकीतले पाणी दहा मीटर उंच असेल तर खाली चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब मिळतो. वाहिनीत घासत जाताना तो कमी होत जातो. हे गणित कोणीही शिकू शकतो. पण आकडे बरोबर जुळले तरी मी तिथे थांबत नाही. डोळे मिटून मी टाकीतून निघते, दोऱ्यावरून बोट न्यावे तशी वाहिनीवरून चालत जाते, आणि गावाच्या शेवटच्या घरातल्या मुलीशेजारी घागर घेऊन उभी राहते. मिनिटाला पाच लिटर आले तर पंधरा लिटरची घागर तीन मिनिटांत भरेल. दीडच लिटर आले तर दहा मिनिटे लागतील, आणि तिची शाळा चुकेल. कितीतरी आराखड्यांत मी वाहिनीचा व्यास बदलला आहे किंवा वस्तीसाठी वेगळा व्हॉल्व्ह घातला आहे, तो आकड्यांनी सांगितले म्हणून नव्हे, तर “इथवर पोचंस्तोवर काय उरतंय?” हे तुमच्या आवाजात ऐकू आले म्हणून. माझ्याबरोबरची तरुण मुले याला अनुभव म्हणतात. मी त्यांना जिन्याखालची गोष्ट सांगते, आणि नवीन मुलाला पहिल्या आठवड्यात संगणकाआधी कागदावर गाव काढायला लावते.

अण्णा, इलेक्ट्रॉनिक जकार्ड आले तसा पुठ्ठ्याच्या कार्डांचा मान राहिला नाही, आलेखाचे कागद कोणी मागत नाही, आणि तुमच्या डोळ्यांनाही आता बारीक चौकोन झेपत नाहीत. मागच्या दसऱ्याला तुम्ही म्हणालात की आयुष्यभर केलेले काम आता कोणाच्या उपयोगाचे राहिले नाही. मला तेव्हा काही बोलता आले नाही. हे पत्र म्हणजे त्या वाक्याला माझे उत्तर आहे. तुमच्या कागदाची रीत आज कित्येक गावांच्या नळांतून वाहते आहे, आणि त्या गावांनी तुमचे नाव ऐकलेले नाही याचे मला वाईट वाटते.

एक हिशेब मात्र अजून बाकी आहे. शेवटच्या वर्षी, मी सहावीत असताना, तुम्ही विचारले होते, “आणि पाऊस नाही पडला तर?” मी रागावून टाकी उचलून ठेवली होती. तो प्रश्न मी प्रत्येक आराखड्याच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिते, आणि बहुतेक वेळा त्याखालची जागा कोरीच राहते. या वर्षी एका गावातल्या लोकांनी उकिरड्याखाली गाडली गेलेली जुनी बारव उपसून काढली. तिला एप्रिलमध्येही पाणी होते, आणि मी ती योजनेचा दुसरा स्रोत म्हणून जोडून घेतली. एका गावापुरते उत्तर सापडले आहे.

नकाशा घेऊन येत्या रविवारी सकाळी येते. या वेळी चौकोन मोठे आखले आहेत.

आपली,
जिन्याखालची शेजारीण