हॉल्ट किती तासांचा, ते आधी बघ

वडगाव, बेळगाव

चि. सौ. ताईस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आबा, मेलबर्नहून घरी येताना सिंगापूरला थांबू की क्वालालंपूरला?" तेवढ्यात बाळूनं फोन ओढून घेतला आणि बोलणं तिथंच राहिलं. म्हणून लिहायला बसलो. एकतीस वर्षं कंडक्टरकी केली. गाडी कुठं किती थांबते आणि तेवढ्यात माणसाचं काय होतं, काय राहून जातं, हे मी रोज बघितलंय. म्हणून सांगायचा धीर करतो.

निपाणी स्टँडला वीस मिनिटांचा हॉल्ट असला तरी प्रवाशाच्या हाती खरी दहाच मिनिटं येतात. विमानाचंही तेच. सिंगापूरच्या तिकिटात सकाळी सहाला उतरून रात्री आठचं विमान, म्हणजे १४ तास. पासपोर्टची रांग एक तास धर. गावात जाऊन येण्यात दोन तास. विमानाआधी तीन तास परत यायला हवं. उरले आठ. क्वालालंपूरचे ३१ तास ऐकायला भरपूर वाटतात, पण त्यात एक रात्र आहे, हॉटेल आहे, झोपमोड झालेलं चार वर्षांचं पोर आहे. आणि तिथला विमानतळ शहरापासून पन्नास किलोमीटरच्या वर, म्हणजे इथनं संकेश्वर गाठल्यासारखं. सिंगापूरचा चांगी शहरापासून वीसेक किलोमीटर, आपल्या खानापूरपेक्षा जवळ.

दुसरं, तिकीट नीट वाच. क्वालालंपूरचं स्वस्त पडतंय ते दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं आहेत म्हणून. पहिल्या विमानाला उशीर झाला आणि दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी हात वर करते. बॅगाही तिथं उतरवून घ्यायच्या आणि नव्यानं द्यायच्या. तिथं टर्मिनल दोन आहेत, एकातनं दुसऱ्यात जायचं म्हणजे बाळू, ढकलगाडी आणि चार बॅगा घेऊन पुन्हा ट्रेन. सिंगापूरचं एकच तिकीट आहे. मेलबर्नलाच सांगून बॅगा थेट बेंगळुरूपर्यंत लावून घे, मोकळ्या हातांनी फिरता येईल. चार पैसे जास्त गेले तर जाऊ देत.

क्वालालंपूर वाईट म्हणून सांगत नाही हं. तुझ्याकडं येताना आम्ही दहा तास तिथं काढले, ते मी विसरणार नाही. डिसेंबर २०२३ पासून आपल्या लोकांना तिथं व्हिसा लागत नाही, म्हणून तर आम्ही बाहेर पडायचं धाडस केलं. विमानतळावरनं शहरातल्या मोठ्या स्टेशनला २८ मिनिटांत पोचलो, तिथनं लोकल धरून बाटू केव्ह्‌ज. डोंगराच्या पोटात मुरुगनचं देऊळ, म्हणजे आपला कार्तिकस्वामी. पायथ्याशी त्याची सोनेरी मूर्ती, ४२ मीटरवर उंच, आणि वर जायला २७२ रंगीत पायऱ्या. तुझी आई यल्लम्माचा डोंगर चढते तशी पदर खोचून निघाली. अर्ध्याच्या वर गेल्यावर गुडघा धरून बसली. शेजारी एक तमिळ म्हातारी दम खात होती. तिनं हातानंच विचारलं, काय झालं? आई मराठीत बोलली, तिला कळेना. मग आईच्या तोंडातनं बाजारातलं कन्नड आलं, "मोणकालु." म्हातारीचा चेहरा उजळला. "मुळंगाल!" म्हणाली आणि आपल्याही गुडघ्यावर थाप मारून दाखवली. दोघी हात धरून वर गेल्या. मागनं माकडानं आपला कुंद्याचा डबा पळवला, त्याचंही आईला काही वाटलं नाही.

पण बाई, त्या दहा तासांत आम्ही तेवढंच बघितलं. ते पेट्रोनासचे जुळे मनोरे लांबूनच दिसले. दुपारी आभाळ कोसळलं, लोकल वेळेवर येईना, आणि मी घड्याळाकडं बघत नुसता उभा. आईचा हात माझ्या हातात गार पडला होता. पोराला घेऊन तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

म्हणून माझं मत सिंगापूर. आणि तिथंही दोनच ठिकाणं करा.

पहिलं, बोटॅनिक गार्डन. पहाटे पाचला उघडतं, आत जायला पैसे नाहीत, म्हणजे तुमच्या वेळेला अगदी जुळतं. आतच मुलांची वेगळी बाग आहे, आठला उघडते, सोमवारी बंद. तिथं पोर बरोबर असलं तरच मोठ्या माणसाला सोडतात. बाळूला सगळा राग विसरायला तेवढं पुरे. ही बाग १८५९ ची. १८८८ पासून रिडली नावाचा साहेब तिथं होता, त्यानं झाड न मारता रबराचा चीक काढायची रीत बसवली. त्यातनं पुढं मलायात रबराचे मळे उभे राहिले आणि त्या मळ्यांवर राबायला तमिळ माणसं जहाजं भरभरून नेली. आईचा हात धरणाऱ्या म्हातारीचे आजे-पणजेही कदाचित असेच गेले असतील. जन्मभर रबराच्या टायरवर फिरलो, पण हे मला आता साठीनंतर वाचून कळलं. बाळूला ते झाड दाखव.

दुसरं, सेरंगून रोड, म्हणजे तिथला 'लिटल इंडिया'. जेवण तिथंच करा, डोसा, भात, सांबार, पोराला तिखट लागणार नाही असं काहीतरी मिळेलच. दुपारी पाऊस यायच्या आत चांगीला परत या. तिथं ज्वेल म्हणून काचेची इमारत आहे, तिच्या आत ४० मीटरचा धबधबा पडतो. आपला गोकाक ५२ मीटरचा, हे जावयांना आवर्जून सांग. ज्वेलला पासपोर्ट तपासणीच्या बाहेरनं जायचं असतं, म्हणून आत शिरायच्या आधीच बघून घ्या.

आणि एक गोष्ट माझ्यासाठी कर. तिथं मलय, चिनी, तमिळ आणि इंग्रजी अशा चार सरकारी भाषा आहेत. स्टेशनात, रस्त्यात धोक्याची सूचना चारी भाषांत लिहिलेली असते. अशी एक पाटी शोध आणि बाळूला तिच्याजवळ उभं करून फोटो काढ. १९५६ साली आपण या राज्यात आलो, तेव्हापासून पाटीवरच्या अक्षरांवरनं इथं किती डोकी फुटली, ते तू लहानपणी पाहिलंयस. सिंगापूरही १९६५ च्या ऑगस्टात मलेशियापासून तुटलं. तरी मधल्या किलोमीटरभर बांधावरनं हजारो माणसं रोज कामाला येतात-जातात, सीमेपलीकडच्या शिनोळीची पोरं बेळगावला येतात तशी. माझ्या गाडीवर पाटी कन्नडमध्ये असायची आणि बाया मराठीत विचारायच्या, "दादा, कुठं जाती?" मी हजारदा सांगितलं असेल, कधी कंटाळलो नाही. तो फोटो मला घरात लावायचा आहे.

व्हिसाचं तेवढं पक्कं करून घे. तुमच्याकडं ऑस्ट्रेलियाचा राहायचा परवाना आहे, त्यावर पुढचं तिकीट हातात असलं तर सिंगापूरला ९६ तासांपर्यंत विनाव्हिसा बाहेर पडता येतं. पण सोडायचं की नाही ते तिथला अधिकारी ठरवतो, म्हणून परवान्याचे आणि तिकिटाचे कागद छापून वरच्या पिशवीत ठेव, फोनच्या भरवशावर राहू नको. आणि बाळूच्या खिशातलं च्युइंगम मेलबर्नलाच काढून टाक, तिथं ते नेऊ देत नाहीत.

रात्री बेंगळुरूला उतराल, मुक्काम करा, घाई नको. तिकीट काढलंस की दोन्ही विमानांचे नंबर आणि वेळा कळव, मी कॅलेंडरवर लिहून ठेवतो. आई विचारतेय, बाळूला कुंदा चालेल की मांडे करून ठेवायला सांगू?

तुझा,
आबा