रिकाम्या बाटल्या मागणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

गव्हावर दोन फवारण्या होऊनही भुरी, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी आणणारी बुरशी, हटेना, म्हणून तुम्हाला बोलावलं ते नवं औषध लिहून घ्यायला. तुम्ही मागितल्या रिकाम्या बाटल्या. मनातून वैतागलो होतो, आज कबूल करतो.

औषध बोगस आहे, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. तुम्ही पानं उलटीपालटी करून एवढंच विचारलंत, "मग तांबेरा कसा गेला?" मी गप्प; पानांवर तांबूस ठिपके आणणारा हा दुसरा बुरशीचा रोग खरंच गेला होता. दोन्ही बाटल्यांची नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या. पण लेबलावरच्या बारीक अक्षरांत औषध बुरशीला कसं मारतं ते सांगणारा गट क्रमांक दोन्हीकडे 11, म्हणजे स्ट्रोबिल्युरिन नावाच्या बुरशीनाशकांचा. स्ट्रोबिल्युरिनवर पुन्हा स्ट्रोबिल्युरिन! मी बदलली ती नुसती बाटली.

मग बांधावर बसून तुम्ही सगळं उलगडून सांगितलंत. हा गट बुरशीच्या एकाच प्रथिनाला धरतो. तिथलं 143 व्या जागेचं ग्लायसिन हे अमिनो आम्ल जाऊन अ‍ॅलनिन आलं, की औषधाची पकड सुटते; मात्रा वाढवूनही उपयोग नाही. अशा चार-दोन बुरश्या रानात आधीच असतात. बाकीच्या मेल्या की यांना मोकळं रान, आणि ते मोकळं करून देणारा मीच. स्ट्रोबिल्युरिनं 1996 मध्ये बाजारात आली, 1998 मध्ये जर्मनीत गव्हाची भुरी त्यांना जुमानेनाशी झाली होती. तांबेऱ्याच्या बुरशीला मात्र हाच बदल स्वतःच्या जिवावर बेततो, म्हणून माझ्या रानात तांबेरा गेला आणि भुरी राहिली. इतका सरळ खुलासा मला आधी कुणी केला नव्हता.

तेव्हापासून वहीत औषधाच्या नावाआधी गट क्रमांक लिहितो. भुरीला आधी गंधक. ते बुरशीवर अनेक ठिकाणी घाव घालतं, त्यामुळे तिला एका बदलात निसटता येत नाही. युरियाचा हातही आखडलाय. दोन औषधांचं तयार मिश्रण घेताना तुमचाच प्रश्न विचारतो: यातला दुसरा घटक एकटा भुरीवर चालतो का? नसेल, तर ते मिश्रण नावापुरतं. या हंगामात ओंबीखालचं शेवटचं पान बऱ्यापैकी स्वच्छ राहिलं. खालची पानं थोडी पांढरी झाली, ती होऊ दिली.

वारा शेजारच्या रानातली भुरी आणतोच. म्हणून शेजाऱ्यालाही सांगितलंय, मॅडम आल्या की आपल्या बाटल्या घेऊन ये. तुमचं काम वाढवलं, तेव्हा आभारासोबत थोडी माफीही.

आपला,
एक गहू उत्पादक