सेन्सरआधी कपलर बघायला शिकवणाऱ्या वायरमनकाकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

गेले काही गुरुवार तुम्ही आम्हा गॅरेजवाल्यांना बोटाएवढ्या एका पार्टसाठी वेळ दिलात. तो पार्ट म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर; त्याला वायरींशी जोडणारा तुकडा तो कपलर. सगळ्यांच्या वतीने मनापासून आभार. तुम्ही जे दाखवलंत ते इथे लिहून ठेवतोय, म्हणजे ज्यांना येता आलं नाही त्यांच्याही कामाला येईल.

सकाळी सेल्फ लांबवर मारावा लागतो, सुरू झाल्यावर काळा धूर येतो, ॲव्हरेज पडलंय आणि फॅन सारखा फिरतोय. अशी गाडी आली की आपल्याकडे आधी प्लग बदलतात, मग इंजेक्टर साफ करतात. प्लग काळे निघतात, त्यामुळे बरोबर केलं असंच वाटतं. ते काळे का झाले, हे तुम्ही समजावलंत. इंजिन गरम झालं तरी सेन्सर ते गार असल्याचंच सांगत राहिला, तर ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारं कॉम्प्युटर, जुन्या चोकसारखं जादा पेट्रोल सोडत राहतं. नवे प्लगही मग लवकरच काळे होतात, आणि असं फार दिवस चाललं तर सायलेन्सरमधलं महागडं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातं. उलटंही होतं. गार इंजिन गरम असल्याचं सेन्सरने सांगितलं तर पेट्रोल कमी पडतं, आणि थंडीत सकाळी गाडी धरतच नाही.

मीटर हातात घ्यायच्या आधी तुम्ही कूलंटची पातळी बघायला लावलीत, तीही इंजिन पूर्ण गार असताना, रेडिएटरचं झाकण उघडून. नुसती बाटली बघून चालत नाही. कूलंट कमी असलं की सेन्सरचं टोक हवेत राहतं आणि चांगला सेन्सरही खोटं बोलतो.

सगळ्यात उपयोगी पडली ती रात्रभर उभ्या गाडीची तपासणी. तिला खर्च काहीच नाही. सकाळी सेल्फ न मारता फक्त चावी ऑन करायची आणि स्कॅनरवर, म्हणजे ईसीएमचे आकडे आणि बिघाडाचे कोड दाखवणाऱ्या यंत्रावर, दोन आकडे शेजारी लावायचे: कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभरात दोन्ही बाहेरच्या हवेइतकी झालेली असतात, म्हणून त्यांच्यात चार-पाच अंशांपेक्षा जास्त फरक असू नये. डिसेंबरच्या सकाळी हवा 13 दाखवत असेल आणि कूलंट 38, तर चोर सापडल्यात जमा. मात्र गाडी खरोखर रात्रभर उभी हवी. दोन तासांपूर्वी फिरून आलेल्या गाडीवर या आकड्यांना अर्थ नाही.

सेन्सर आतून साधा आहे. गार असताना रोध जास्त, तापला की कमी. नेहमीच्या दोन वायरींच्या सेन्सरचा रोध 20 अंशांला साधारण अडीच हजार ओहम, 80 ला तीनशेच्या थोडा वर आणि 100 ला दोनशेच्या आत येतो. कंपनीप्रमाणे आकडे बदलतात, म्हणून त्या गाडीचा तक्ता बघायचा, हे तुम्ही दर वेळी बजावलंत. ईसीएम त्याच्याकडे 5 व्होल्ट पाठवतं आणि किती व्होल्ट उरले त्यावरून तापमान ओळखतं.

म्हणून कपलर काढला की स्कॅनरवर उणे 40 च्या आसपासचा आकडा यायला हवा. तो न काढताच तसं दिसत असेल तर सर्किट कुठेतरी तुटलंय. उणे 40 म्हणजे तापमान नव्हे, तुटलेली वायर, हे तुमचं वाक्य आता सगळ्यांच्या तोंडी आहे. कोडही तेच सांगतात: पी 0118 म्हणजे बहुधा सर्किट तुटलेलं, पी 0117 म्हणजे बहुधा शॉर्ट. कपलर काढल्यावर, चावी ऑन ठेवून, त्याच्या दोन पिनांमध्ये सुमारे 5 व्होल्ट यायला हवेत. मग त्या दोन पिना बारीक वायरने जोडायच्या. स्कॅनर 120-130 च्या वर उडी मारत असेल तर वायरिंग आणि ईसीएम दोन्ही ठीक, दोष सेन्सरमध्ये. आकडा हललाच नाही तर नवा सेन्सर आणून उपयोग नाही, वायर शोधायची. इथे 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावायचा नाही. सेन्सरचे चार पैसे वाचवायला जाऊन ईसीएम जाळून बसू.

आणि तो कपलर! भिंग धरून तुम्ही पिनेच्या बुडाशी साचलेला हिरवा थर दाखवलात. त्या थराचा रोध सेन्सरच्या रोधात मिळतो आणि ईसीएमला इंजिन आहे त्यापेक्षा गार वाटतं. गंमत अशी की गार इंजिनात दोन-चारशे ओहमने फारसं बिघडत नाही, पण 80 अंशांला सेन्सरच तीनशे ओहमचा, तिथे तेवढ्यानेच आकडा कुठल्या कुठे जातो. म्हणून गाडी सकाळी ठीक आणि तापल्यावर बिघडलेली. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, पिना घट्ट करून, वायर हलवत स्कॅनरवर डोळा ठेवायचा. आकडा उड्या मारत असेल तर लूज कॉन्टॅक्ट तिथेच.

खात्री हवी असेल तर सेन्सर काढून दोऱ्याने पाण्याच्या भांड्यात सोडायचा, शेजारी थर्मामीटर, आणि तापवत दर दहा अंशांला ओहम लिहून घ्यायचे. रोध एकसारखा उतरायला हवा, मध्येच उडी दिसली की सेन्सर बाद. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. उकळी म्हणजे शंभर धरून तक्त्याशी ताळा करू नका, हे तुम्ही सांगितलं नसतं तर आमच्या लक्षातही आलं नसतं.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, याबद्दल तुम्ही रागावलात ते योग्यच होतं. कात्रज किंवा खंबाटकी घाट चढताना गाडी तापते म्हणून तो काढूनच टाकायचा, ही सवय वाईट. मग इंजिन पूर्ण तापत नाही, पी 0128 हा कोड येतो आणि खरं बोलणाऱ्या सेन्सरवर आळ येतो. रेडिएटरचा खालचा-वरचा होज (रबरी पाइप) हाताने बघायचा. सुरू केल्यापासून वरचा होज हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा नाहीच. बराच वेळ गार राहून मग एकदम तापला तर तो ठीक आहे.

बदलतानाचंही नोंदवतो. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. वॉशर किंवा ओ-रिंग नवी. काही गाड्यांत डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याचा सेन्सर वेगळा, एकाच वायरचा असतो आणि तो बॉडीतून अर्थिंग घेतो. त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली तर अर्थिंग तुटू शकतं. नळाचं पाणी नाही, कंपनीने सांगितलेलं कूलंट, आणि ते तयार मिश्रण नसेल तर साधारण निम्मं डिस्टिल्ड वॉटर. कूलंटमध्ये अडकलेली हवा काढायची, कोड पुसायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच दोन आकडे पुन्हा बघायचे.

एकदा बसवलेला इलेक्ट्रिक पार्ट नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानांत कोणी परत घेत नाही. अंदाजाने बदललेल्या सेन्सरचा भुर्दंड गिऱ्हाइकालाच बसतो, आणि तुम्ही तो वाचवायला शिकवलंत.

तुमचा मीटर आमच्याकडेच राहिलाय. त्याच्या लाल प्रोबची वायर मुळाशी तुटायला आली होती, ती बदलली आहे, नऊ व्होल्टची बॅटरीही नवी टाकली आहे. येत्या गुरुवारी न्यायला या. डिझेल गाड्यांच्या ग्लो प्लगचं राहिलंय, तेही विचारायचं आहे.

आपले,
गुरुवारचे सगळे गॅरेजवाले
पुणे